उजवीकडचा पाटा

अहो, काल मी तुमची जीप घेऊन मलकापूरला गेले होते, दादू मिस्त्रीकडं. एकटीच. क्लच दाबून दाबून गुडघा भरून आला, कराडच्या पुलावर मागच्या ट्रकवाल्यानं हॉर्न वाजवून जीव नकोसा केला, पण गेले. तुम्ही शेजारी असतात तर म्हणाला असतात, "मास्तरीण, तिसरा गिअर कुनाच्या लग्नासाठी राखून ठेवलायस?"

तेराव्याचे पाहुणे पांगले आणि संदीपही पुण्याला गेला. जाताना म्हणाला, "आई, जीप देऊन टाकूया. साताऱ्यातली पोरं डोंगरात घालायला जुन्या जिपा शोधतच असतात. इथं पत्र्याखाली गंजण्यापेक्षा कुणीतरी चालवू दे." त्याचं काही चुकलं नाही. मी हो म्हटलं. फक्त मागच्या चाकाकडून कुईकुई आवाज यायला लागला होता. तुमची गाडी कुरकुरते असं परक्या माणसानं म्हणावं हे मला चालणार नव्हतं. म्हटलं, आवाज काढून घेऊ आणि मग दाखवू कुणाला दाखवायची ती.

आणि तिथं दादू जे बोलला त्यावरून तुमच्याशी भांडायचंय मला. तुम्ही नाही आहात हे अजून नीट डोक्यात शिरलेलं नाही, म्हणून हे कागदावर. शाळेत जन्मभर पोरांचे निबंध तपासले, आता स्वतः लिहायची वेळ आली.

आधी मुद्द्याचं बोलते. तुमचं दुखणं सुरू झाल्यापासून एकच प्रश्न माझ्या घशात अडकला होता. तुम्हाला ठाऊक होतं का?

कराडच्या डॉक्टरांनी संदीपला आणि मला आत बोलावलं तेव्हा तुम्ही बाहेर बाकड्यावर होतात. बाहेर येईपर्यंत आम्ही दोघांनी ठरवलं होतं की आजाराचं नाव काढायचं नाही. आपल्याकडं असंच करतात. माणूस आजारानं नंतर मरतो, नावानं आधी मरतो, असं माझी आई म्हणायची. तिच्या बाबतीत आम्ही भावंडांनी तेच केलं होतं. मग तुम्हाला सांगितलं की पोटात जखम आहे, पथ्य पाळलं की भरून येईल. तुम्ही "बरं" म्हणालात आणि विचारलंत, "हितं खाली भजी कशी असत्यात?" मी चिडले. पथ्य म्हणजे काय कळतं का म्हणून स्टँडपर्यंत बोलत राहिले. ते चिडणं अगदी खरं होतं, म्हणून ते नाटक वठलं.

त्या दिवसापासून आपल्या घरात दोन माणसं आणि एक न बोललेली गोष्ट राहायला लागली. तुम्ही कधी विचारलं नाहीत. तुम्हाला खरंच माहीत नाही, की माहीत असून एकट्यानं ते वाहताय, हे मला कळायचं नाही. पहिलं असेल तर आपण फसवतोय म्हणून जीव तुटायचा. दुसरं असेल तर त्याहून जास्त. रोज रात्रीचं ताट करताना ठरवायचे, आज बोलू. मग तुम्ही म्हणायचात, "आमटी झ्याक झालीया," आणि माझा धीर सुटायचा.

आपण पोटभर बोललो ते फक्त जिपेबद्दल. तसं लग्नानंतर आपण भांडलोही जास्त तिच्यावरूनच.

लष्कराच्या लिलावातून ती आणलीत तेव्हा संदीप नुकता शाळेत जायला लागला होता. तुमचा धंदा विहिरीतल्या आणि बोअरच्या मोटारी दुरुस्त करायचा. खटाव-माणच्या माळावरच्या वस्त्यांना रस्ते असे नव्हतेच, ओढ्यातून आणि बांधावरून जायचं. तिथं दुसरी गाडी टिकली नसती, हे मी तेव्हाही मान्य केलं होतं. पण ती घेऊन पहिल्यांदा कुंडलला माझ्या माहेरी गेलो ते आठवा. म्हैस व्यायली होती. येताना आईनं खरवसासाठी तांब्याभर चीक दिला, तोंडाला फडकं बांधून. मी तो सबंध रस्ता मांडीवर धरून बसले. कोरेगावात घरी उतरले तेव्हा चीक तांब्याच्या तळाला होता आणि बाकीचा माझ्या नव्या साडीवर.

"ही गाडी हाय का जातं?" मी दारातच विचारलं.

"रिकामी हाय म्हनून उडती गं. मागं दोन मोटारी टाकल्या की बघ कशी शान्यागत चालती."

"म्हंजी माहेराला जाताना आता मी मोटारी घेऊन जायाच्या?"

तुम्ही हसलात. मी हसले नव्हते. पण दुसऱ्या दिवशी तुम्ही तोच तांब्या पाण्यानं काठोकाठ भरून माझ्या हातात दिलात, मला डावीकडं बसवलंत आणि कालव्याच्या कच्च्या रस्त्यानं फिरवून आणलंत. किती पाणी राहिलं ते बघितलंत. तेव्हापासून तीच आपल्याकडची परीक्षा झाली. जिपेच्या चाकांवर जी पोलादी पट्ट्यांची चळत असते, कमानीसारखी वाकवलेली, त्या पाट्यांना तुम्ही काहीही केलंत, तरी शेवटी तांब्या आणि मी. लोकांच्या बायका नवऱ्याबरोबर गाडीतून मिरवतात, मी पाणी सांडलं का ते सांगायला जायची. तो तांब्या कायमचा सीटखाली राहायला गेला. मी घरात दुसरा घेतला.

पावसाळ्याच्या तोंडावर तुम्ही सगळे पाटे उतरवायचात. अंगणात पोत्यांवर एकेक पट्टी मांडायची, लांबीप्रमाणे, ज्या चाकाची त्याच चाकापाशी. गंज घासून काढायचा, काळं ग्रीस लावायचं, आणि ते लावायला माझं उलथणं घ्यायचं. एकदा मी झाडताना सगळ्या पट्ट्या गोळा करून भिंतीला टेकवून ठेवल्या तर तुम्ही केवढ्यांदा ओरडलात! शेजारीण धावत आली, कुणाला काय झालं म्हणून. मला त्या सगळ्या सारख्याच दिसायच्या. तुम्ही मग राग गिळून मला समजावलंत की प्रत्येक पट्टी तिच्या जागच्या ओझ्यानं वाकलेली असते, डावीकडची उजवीकडं घातली तर गाडी वाकडी उभी राहते. तेलाच्या डब्याचं प्लॅस्टिक कापून दोन पट्ट्यांमध्ये घालायची युक्तीही तुमचीच. कुरकुर थांबली होती त्यानं. डबा मात्र माझा होता, आणि त्यात तेल होतं.

मग ते नव्या पोरांचं बघून शॅकल लांब करायचं खूळ. शॅकल म्हणजे ज्या दुव्याला पाटा लटकतो तो, एवढं ज्ञान मला तोवर आलं होतं. गाडी उंच झाली, दिसायला झोकात, आणि मला साडीत चढता येईना. तुम्ही माझ्यासाठी पायरी जोडून आणलीत. पण रस्त्याला लागलो तर स्टिअरिंग हातात राहीना, गाडी बैलागत बांधाकडं ओढायला लागली. महिनाभर तुम्ही कबूल केलं नाहीत. हात दाखवून अवलक्षण कोण करून घेणार! मग एक दिवस मुकाट्यानं जुने शॅकल बसवून आणलेत. पायरी तेवढी राहू दिलीत. आता माझा गुडघा त्या पायरीला रोज दुवा देतो.

भांडणाचा मुद्दा कायम एकच. तुम्हाला गाडी कडक हवी, कारण ओझं वाहायचंय. मला मऊ हवी, कारण त्यात माणसंही बसतात. तुम्ही शेवटी तडजोड काढलीत. मागच्या पाट्यांच्या खाली एक जाड पट्टी अशी घातलीत की रिकाम्या गाडीला तिचा स्पर्शच नाही, मोटारी भरल्या की तेवढी कामाला लागायची. पुण्याहून नवे शॉकअप आणलेत. तांब्यात निम्मंअधिक पाणी राहायला लागलं. तुम्ही म्हणालात, "आता बोल." मी म्हटलं, "निम्मं सांडलंच की." तुम्हाला वाटायचं मी मुद्दाम बोलते. थोडं मुद्दाम होतं. एकदा बरं आहे म्हटलं असतं तर तुम्ही मला पुन्हा कालव्यावर नेलं नसतंत.

आणि उजवीकडचा तो पाटा. तुमच्या देहाबद्दल मी काय बोलावं! ऐन भरात होतात तेव्हा तुम्ही सीटवर बसलात की जीप उजवीकडं कलायची. बाजारात लोक म्हणायचे, काका बसले की गाडी रामराम करती. तुम्ही ते मनाला लावून घेतलंत आणि दादूकडून मागच्या उजव्या चाकावर एक जास्तीचा पाटा, म्हणजे चळतीत आणखी एक पट्टी, घालून घेतलात, फक्त तुमच्या वजनासाठी. मग तुम्ही बसलात की गाडी सरळ. मी म्हटलं होतं, पाटा घालण्यापेक्षा रात्रीचा भात कमी करा. पालथ्या घड्यावर पाणी.

दुखण्याला सुरुवात झाल्यावर काही महिन्यांनी तुम्ही एका सकाळी जिपेच्या मागं उभे राहून नुसते बघत होतात. मी चहा घेऊन आले. तुम्ही म्हणालात, "गाडी डावीकडं कलाय लागली."

रिकामी उभी असली की ती जरा तशी कलायचीच, पण तुम्ही बसलात की सरळ व्हायची. तुम्ही आत बसून आलात, मला बाहेरून बघायला लावलंत. तुम्ही बसल्यावरही ती डावीकडंच. चाकापासून पत्र्यापर्यंत सुतळीनं मापलंत, दोन्ही बाजूंनी. मग म्हणालात, "डावं पाटं बसलं."

मी म्हटलं, "बसलं असतील. जुनं झालं की."

आदल्या दिवशीच मी तुमच्या पँटला आतून टीप मारली होती, न सांगता. तुमच्या शर्टांच्या कॉलरीत दोन बोटं जायला लागली होती. डावीकडचं काहीही बसलं नव्हतं हो. उजवीकडं बसणारा माणूस हलका झाला होता, आणि तो जास्तीचा पाटा वजनाची वाट बघत ताठ उभा होता. एवढं मला कळलं आणि जन्मभर पाटे हाताळलेल्या तुम्हाला कळलं नाही, याचं मला त्या क्षणी इतकं वाईट वाटलं की चहा तिथंच ठेवून मी आत गेले. म्हटलं, देवा, याला खरंच माहीत नाही. मग दुसरं मन म्हणालं, बरंच आहे.

तुम्ही एसटीनं फिरायच्याही अवस्थेत नव्हतात, पण हट्टानं जीप घेऊन मलकापूरला गेलात. संध्याकाळी आलात तर गाडी सरळ. "डाव्याला ताव देऊन आनला," म्हणालात. म्हणजे पाटे तापवून, पुन्हा वाकवून, कडक करून. मी दादूवर मनातल्या मनात चिडले. आजारी माणसाच्या म्हणण्याला मान डोलावून त्यानं चांगले पाटे उगाच भट्टीत घातले म्हणून.

त्यानंतर तुम्ही चालवायच्या सीटवर बसेनासे झालात. "माजं डोळं चुरचुरत्यात. तू चालव." तुम्ही मला शिकवली होतीत खरी, पण मी चालवायची ती गल्लीच्या तोंडापर्यंत. आता रोज बाहेर काढायला लावायला लागलात. कोरेगावचा बाजार, मग रहिमतपूर, मग थेट कुंडल. चुकले की ओरडायचात. उतारावर न्यूट्रल केलं तर म्हणालात, "जीव नको झालाय व्हय तुला?" मग मी उगाच कडेच्या शेतातल्या आल्याच्या पिकाबद्दल काहीतरी बोलले.

एकदा, शेवटीशेवटी, तुम्ही कालव्यावर न्यायला सांगितलंत. तांब्या काढलात, भरलात, आणि डावीकडं बसून स्वतःच्या मांडीवर धरलात. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी चालवत होते, जमेल तेवढे खड्डे चुकवत. चुकत नव्हते ते खात. परत आलो तर तांब्या भरलेला. तुम्ही तो माझ्यापुढं धरलात, मूल दाखवावं तसा. "सांडलं न्हाई बघ," म्हणालात.

मला तिथंच कळायला हवं होतं. डाव्या पाट्यांना ताव दिला असता तर डावीकडच्या माणसाच्या मांडीवर पाणी राहिलं असतं का? कडक पाटा पाणी उडवतो, हेच तर मी तुम्हाला पदरात चीक सांडल्यापासून सांगत होते. पण मी त्या वेळी पाट्याकडं बघत नव्हते. तांब्या धरलेल्या तुमच्या मनगटाकडं बघत होते.

काल दादूनं गाडी उचलली, खाली शिरला, म्हणाला, "काई न्हाई काकी, पाट्याचा रबरी बुश ग्येलाय निस्ता. बदलतो." मी स्टुलावर बसले. गाडी विकायची आहे, नीट कर, असं त्याला सांगितलं. तो आत गेला आणि फडक्यात गुंडाळलेली एक लांब पट्टी घेऊन आला.

"मग ह्यो बी द्यायचा का घेनाऱ्याला? काका टाकू नको म्हनलं हुतं."

"हा काय?"

"उजवीकडचा जादा पाटा. मागल्या बारीला काढला न्हवं का."

"काढला कधी? ते तर डाव्या पाट्यांना ताव द्यायला आले होते."

"न्हाई वं काकी. डाव्याला मी हात बी लावला न्हाई." दादू हात पुसत राहिला. "मीच म्हनलं हुतं, काका, डावं तापवूया. तर म्हनलं, डाव्याला काय धाड भरलीया? उजवीकडचं वज्जं ग्येलंय. हितनं म्होरं ह्या शिटावर मास्तरीण बसनार. तिच्या अंगाची कर गाडी."

मी ती पट्टी फडक्यातून बाहेर काढली. दादूला वाटलं मला कळलं नाही, म्हणून त्यानं उरलेलंही सांगून टाकलं.

"आनि म्हनलं, काकीला सांगू नको. तिला वाटतंय मला ठावं न्हाई. वाटू दे म्हनलं, तेवडाच तिला आदार."

अहो, मला आधी राग आला. लबाड माणूस! मी महिनोन् महिने आमटीच्या गोष्टी करत होते, पँटी चोरून शिवत होते, न्हाणीघरात नळ सोडून रडत होते, आणि तुम्हाला सगळं माहीत होतं. सुतळीनं मापून, माझ्या तोंडावर डावं पाटं बसलं म्हणालात. ताकाला जाऊन भांडं मी एकटीच लपवत होते असं मला वाटत होतं, तर तुमच्याही पाठीमागं भांडं होतंच. दादूच्या गॅरेजात, ग्रीसच्या डब्यांशेजारी बसून मी मोठ्यानं रडले. तुमच्या अंत्यविधीला रडले नव्हते तेवढी. दादूनं शटर अर्धं खाली ओढलं आणि बाहेर जाऊन उभा राहिला, शहाणा आहे.

रडून झाल्यावर बरं वाटलं, हेही सांगते. तुम्ही अंधारात गेला नाहीत. मी तुम्हाला अंधारात ठेवून घालवलं नाही. एवढ्याच गोष्टीनं मला रात्ररात्र झोप नव्हती. कितीतरी बोलायचं राहिलं, ते राहिलंच. तुम्हाला भीती वाटत होती का, हे विचारायचं होतं. मला वाटत होती हे सांगायचं होतं. दोघांनी एकमेकांना जपत जपत ते सगळं वाया घालवलं, आणि त्याचा राग मला अजून आहे. पण ते ठाऊक असताना तुम्ही जे केलंत ते बघितल्यावर फार भांडता येईना.

दादूला म्हटलं, बुश बदल, ग्रीस भर, गाडी विकायची नाही. रात्री संदीपला फोन केला. तो म्हणाला, "आई, या वयात?" मी म्हटलं, "तुझ्या बाबांनी माझ्या मापानं करून ठेवलीय, दुसऱ्याला बसायची नाही." त्याला काय कळलं कुणास ठाऊक, पण पुन्हा विकायचं नाव काढलं नाही.

दादूनं पाटा परत बसवू का विचारलं. नको म्हटलं. फडक्यासकट मागं टाकून घरी आणला, आता देव्हाऱ्याच्या खोलीत भिंतीला उभा आहे. गंजू नये म्हणून त्याला ग्रीस लावीन. उलथण्यानंच लावीन.

येताना वाट सोडून कालव्याच्या रस्त्याला गाडी घातली. कुईकुई नाही, खडखड नाही, गाडी सरळ. थांबले, सीटखालचा तांब्या काढला, कालव्याचं पाणी काठोकाठ भरलं आणि डावीकडच्या सीटवर ठेवला. गिअर टाकला आणि निघाले. पहिल्याच खड्ड्यात तांब्या आडवा झाला, सगळं पाणी सीटवर, आणि तो गडगडत माझ्या पायाशी आला.

पाट्याची काही चूक नाही. पाटा मऊच आहे, शेवटी मानलं मी, आता खूश व्हा. तुम्ही गाडी माझ्या अंगाची केलीत, मला रस्त्याला लावलंत, दादूच्या तोंडाला कुलूप घातलंत, सगळी सोय केलीत. तांब्या कुणी धरायचा, तेवढं मात्र सांगून गेला नाहीत.